न बदललेले ब्रेक ऑइल बिलात लावल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : पेड सर्व्हिसमध्ये न केलेल्या कामांचे पैसे घेतल्याबाबत व त्यामुळे घाटात ओढवलेल्या प्रसंगाबाबत

महोदय,

माझी पेट्रोल हॅचबॅक ४ वर्षे जुनी असून ४१,००० किलोमीटर चालली आहे. आजवरची प्रत्येक सर्व्हिस मी आपल्या कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच केली. ८ मे रोजी गाडी दिली, संध्याकाळी ११,४८० रुपये भरून परत घेतली. बिलात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद आहे. गाडी देतानाच मी ॲडव्हायझरना सांगितले होते की, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला जायचे आहे, ब्रेक नीट बघा. ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर जॉब कार्डवर लिहून घेतले.

१५ मे रोजी आंबा सोडून साखरप्याच्या बाजूला उतरत होतो. दुपारची वेळ, पुढे भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. एका वळणावर ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा कितीतरी खोल गेले. पुन्हा दाबले, तेव्हा जवळजवळ तळाला टेकले. दोन-तीनदा भराभर पंप केले, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली. मागे माझी ७१ वर्षांची आई आणि ६ वर्षांची मुलगी बसली होती. आईने एक शब्द काढला नाही, फक्त मुलीला घट्ट धरून बसली. अर्ध्या-पाऊण तासाने चाके गार झाल्यावर पेडल पुन्हा कडक लागले. पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश, साखरप्यापर्यंत उतरलो.

तिथल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडून मला आत पाहायला सांगितले. नवे ऑइल फिकट पिवळसर असते, हे काळ्या चहासारखे होते. ओलावा तपासायच्या पेनचा लाल दिवा लागला. चाके काढली तर ब्लीडरच्या, म्हणजे प्रत्येक चाकाच्या ब्रेकमधून ऑइल बाहेर काढायच्या, चारही निपलांवर जुना चिखल वाळून बसलेला, पाना लागल्याची खूण एकावरही नाही. निपल सैल केल्याशिवाय जुने ऑइल बाहेर निघत नाही, हे आपल्या वर्कशॉपमधल्या शिकाऊ मुलालाही ठाऊक असणार. चारही चाकांचे फोटो सोबत जोडले आहेत.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणूनच आपल्या पुस्तिकेत ते दर २ वर्षांनी बदलायला सांगितले आहे. माझ्या गाडीत डॉट ४ या मानकाचे ब्रेक ऑइल लागते. त्या मानकाप्रमाणे नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक लागून ते तापले की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी बुडबुडेच दाबले जातात. शहरात हाच दोष कदाचित वर्षभर कळला नसता.

घरी आल्यावर एअर फिल्टरही उघडला. फिल्टर बसवला की त्याच्या कडेला पेन्सिलने तारीख लिहायची ही माझ्या वडिलांची सवय, ती मी पाळतो. मागच्या वर्षी मी लिहिलेली तारीख तशीच्या तशी होती. फिल्टरवर हवा मारून तो परत बसवला आहे आणि पैसे नव्याचे घेतले आहेत. आता इंजिन ऑइल तरी खरोखर बदलले का, या शंकेने मी डिपस्टिक रोज पुसून पाहतो.

बिलात आणखी एक ओळ आहे : आतील सफाई व पॉलिश, १,८५० रुपये. हे मी मागितले नव्हते, पण ते काम मात्र अगदी मन लावून केलेले आहे. डॅशबोर्ड चकचकीत करायला आपल्या माणसांना वेळ मिळाला, चार निपल सोडायला मिळाला नाही, याचा मला मनस्वी संताप आहे. मी त्या कामगारांना एकट्याला दोष देत नाही. दिवसाला किती गाड्या काढायच्या आणि ॲडव्हायझरने किती जादा कामे विकायची, हे ठरवणारे वर बसलेले असतात.

ब्रेक ऑइल व एअर फिल्टरचे मजुरीसह घेतलेले आणि न मागितलेल्या पॉलिशचे पैसे परत करावेत. साखरप्यात ऑइल बदलायला दिलेले ९०० रुपयेही आपण द्यावेत. संपूर्ण ब्रेक यंत्रणा आणि इंजिन ऑइलची तपासणी माझ्यासमोर, विनाशुल्क व्हावी. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या आठवड्यात ज्यांच्या बिलात ब्रेक ऑइल लावले आहे, त्या प्रत्येक गाडीमालकाला आजच फोन करून गाडी तपासायला बोलवावे. मे महिना आहे; त्यातले कितीतरी जण गगनबावडा नाहीतर फोंड्याच्या घाटाने कोकणात उतरणार आहेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. एअर फिल्टर मी जपून ठेवला आहे. आपला माणूस पाहायला आला तर दाखवीन, पण ताब्यात देणार नाही.

आपला,
एक गाडीमालक, कोल्हापूर

सोबत : बिल व जॉब कार्डची प्रत, चाकांचे व फिल्टरचे फोटो, साखरप्याच्या गॅरेजची पावती