लाल चाबूक की मंगळसूत्र?

प्रिय नलू,

सात महिने पत्र नाही, आणि आता लिहितेय तेही काम पडलं म्हणून. शिव्या मागाहून दे, आधी वाच. फोन केला असता, पण तू मध्येच गायला लागतेस आणि मुद्दा राहतो. इकडे सगळे बरे. माझी बीपीची गोळी अर्धीची पुन्हा एक झाली, बाकी काही नाही.

मंडळाने यंदा भोंडल्याच्या, म्हणजे नवरात्रात मुली फेर धरून म्हणतात त्या गाण्यांची पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि मजकूर जुळवणं माझ्या गळ्यात आलंय. (भोंडला! हडगा नाही आणि भुलाबाई तर नाहीच. तुमची भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुक्कामाला असते आणि आमचा खेळ नऊ दिवसांत आटोपतो, हे मला पाचवीपासून ऐकवते आहेस. ऐकलं.) सोळा गाणी निवडली. ‘ऐलमा पैलमा’ पहिलं, त्यात वाद नाही. ‘जिलबी बिघडली’ पोरींना हवंच. घोडं अडलंय ‘यादवराया’पाशी.

दोघी तरुण आया म्हणाल्या, ‘लाल चाबूक’ आमच्या मुलींच्या तोंडी नको, तिथे ‘मंगळसूत्र’ घाला, बऱ्याच ठिकाणी तसंच म्हणतात. म्हणतातही, ते खोटं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला. मला मात्र चार रात्री झोप नाही, आणि ते का हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

बघ ना, गाण्यात राणी सासरहून रुसून बसलीय. सासू जाते, ‘अर्धा संसार देते तुम्हाला’. उत्तर काय, ‘अर्धा संसार नको मजला, मी नाही यायची तुमच्या घराला’. मग सासरा, दीर, जाऊ, नणंद. कोण काय देऊ करतं त्याची यादी घरोघर वेगळी: कुठे पाटल्या, कुठे ताकाचा डेरा, कुठे विटीदांडू. प्रत्येकाला ‘नको मजला’. शेवटी नवरा जातो आणि ‘लाल चाबूक देतो तुम्हाला’ म्हणतो. तिथे चाल तीच, ठेका तोच, फक्त ‘नको’चं ‘हवा’ होतं: ‘लाल चाबूक हवा मजला, मी तर येते तुमच्या घराला.’ पाच-सहा वेळा ‘नको’ म्हणून जीभ सरावलेली असते, म्हणून तो ‘हवा’ दातात खड्यासारखा लागतो. आपण तिथे हसायचो. का हसायचो ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

ज्याने कुणी मंगळसूत्र घातलं त्याचा कान मात्र पक्का. ‘लाल चाबूक’ पाच अक्षरं, ‘मंगळसूत्र’ही पाच. चालीत कुठे अडखळत नाही. अडखळतो तो अर्थ. अगं, ती सासुरवाशीण सून आहे, मंगळसूत्र तिच्या गळ्यात आहेच! मग नवरा देतो काय, दुसरं? आणि बाईने संसार, दागिने सगळं नाकारलं नि मंगळसूत्र म्हटल्याबरोबर तुरुतुरु चालू लागली, हे पोरींना शिकवणं बरं, आणि चाबूक वाईट? चाबकाच्या ओळीत निदान ती का गेली ते कळतं.

दुसरी बाजूही आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. सहा वर्षांची पोर ‘चाबूक हवा मजला’ म्हणत फेर धरते तेव्हा तिला त्यातली खोच कळत नाही, ओळ तेवढी पाठ होते. हे त्या आयांचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

बरं, एक चाबूक काढून भागेल का? ‘नणंदा भावजया’ घे. शिंक्यावरचं लोणी कुणी खाल्लं? वहिनीने. दादा घरी येतो, बहीण त्याच्या मांडीवर बसून चुगली करते, ‘दादा तुझी बायको चोरटी’, आणि मग ‘घे काठी, घाल पाठी’. लोण्यासाठी! घरातलं लोणी घरातल्या सुनेने खाल्लं तर ती चोरी, हे त्यात गृहीतच आहे. ते कुणाला खटकलं नाही, कारण चाल गोड आहे. ‘श्रीकांता कमलकांता’त वेडा शेवयांना गांडुळं म्हणतो, लाडूंना चेंडू म्हणतो, पोरी खिदळतात. शेवटच्या कडव्यात बायको पलंगावर झोपलेली असते, आणि तो ‘मेली मेली म्हणून त्याने जाळून टाकले’. कित्येक पुस्तिकांत हे कडवं गळलेलं असतं. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, त्या आगेमागे पेपरात स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या, मग ते कडवं म्हणवेना हे मी समजू शकते. पण गाळलं की उरतो नुसता विनोदी वेडा. बाईच्या नशिबाची तक्रार पहिल्याच ओळीत आहे, ‘असं कसं वेडं माझ्या नशिबी आलं’, तिचा शेवट कुठे होतो ते मग दिसतच नाही.

आता ‘कारल्याचा वेल’. सून माहेरी जाऊ का विचारते, सासू म्हणते आधी कारल्याचा वेल लाव, मग जा. तू खुळी म्हणशील, पण मी हिशेब मांडला. कारल्याच्या बीचं कवच जाड, रात्रभर भिजवलं तरी उगवायला आठवडा जातो. मग मांडव हवा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात फुलं येतात, पण आधी येतात ती नरफुलं, ती नुसती गळतात. मादीफुलाच्या मागे इवलंसं खरखरीत कारलं असतं, तसं फूल दिसलं की तिथून बारा-पंधरा दिवस. पहिली भाजी दोन महिन्यांनी. आणि घटस्थापना ते भाऊबीज किती? बत्तीस तिथ्या. म्हणजे घट बसले त्या दिवशी बी पेरलं तरी भाऊबिजेला वेलावर फुलाचाही भरवसा नाही, वर थंडीने वेल रेंगाळणार ते वेगळंच. भाऊ मुराळी म्हणून तिला माहेरी न्यायला येऊन बसलाय आणि सासू म्हणते, ‘कारल्याला फूल येऊ दे गं सूने’. या गाण्यातली प्रत्येक बाई भाजी लावणारी होती, तिला हे बोटावर मोजता येत होतं. आपल्याला वाटायचं, नुसतं लांबवलंय. पुढे भाजी कर, भाजी खा, उष्टं काढ. कारलं खाऊन संपवायचं, हीसुद्धा अटच.

(आणि हो, ‘गं सूनबाई’ नाही, ‘गं सूने’. दहावीपासूनचं भांडण तू जिंकलीस. ‘बाई’ लावलं की सासू उगाच मवाळ होते.)

हे म्हणायच्या कोण, तर कुमारिका, नाहीतर सणाला आलेल्या माहेरवाशिणी. शारदा कायदा १९२९चा, त्याने मुलीचं लग्नाचं किमान वय चौदा केलं. त्याआधी आठ-नऊ वर्षांची पोर यंदा फेरात ‘सासर द्वाड’ म्हणायची आणि पुढच्या आश्विनात तिथे नांदत असायची. ‘अस्सं सासर द्वाड बाई कोंडून मारितं’ हे तिला कुणी समजावून सांगितलं नसेल. पाठ करून मात्र दिलं होतं.

तर माझा बेत असा. ‘यादवराया’ दोन्ही पाठांसह छापायचं: वर चाबूक, खाली बारीक टायपात ‘काही ठिकाणी मंगळसूत्र’. ‘श्रीकांता’ पूर्ण. लहानींच्या फेरात ही दोन घ्यायचीच नाहीत, खिरापत ओळखून झाली, त्या पांगल्या की मोठ्यांनी म्हणायची. आणि प्रत्येक गाण्याखाली ते कुणी सांगितलं, कुठल्या गावची, ते लिहायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या तेव्हा गाणारीचं नाव-गाव टिपलं. आपल्या पुस्तिकांवर मात्र ‘पारंपरिक’ लिहिलं की झालं. समितीला हे पटेलच असं नाही. पानं वाढतात, छपाई महागते, शिवाय ‘सणासुदीला कशाला’ हे आहेच.

तुझा गुडघा कसा आहे? धाकट्याची बदली नागपूरला झाली का? सूनबाईंना (बघ, मीही म्हणतेच) आशीर्वाद. गौरीचे फोटो पाहिले, मुखवटे सुरेख.

आता काम. काकूंना विचार, अकोल्याला नवरा राणीला काय देऊ करतो. चाबूकच, की आणखी काही? त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवून घे, सुधारू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे. त्यांचं नाव छापलं तर चालेल का, तेही विचार. प्रेसला मजकूर पितृपक्षाआधी द्यायचाय.

तुझी,
शालू