विषय: तुमच्या वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत जनगणनेच्या नोंदींची झालेली नासधूस आणि फोनवरून मिळालेला दत्तकविधानाचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने आत्ताच फोन ठेवला आणि त्याच्या मागोमाग माझी तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केल्याचा मेसेज आला. निराकरण कशाचंही झालेलं नाही. जाहिरातीत तुम्ही ‘मराठीतून संपूर्ण सेवा’ छापता, तेव्हा मराठीतच लिहितो, आणि नमनाला घडाभर तेल घालत नाही.

नव्या आवृत्तीत तुम्ही जनगणनेची सामायिक नोंद काढून टाकलीत आणि त्या जागी ‘घर’ नावाचा फॉर्म आणलात. जुन्यात एका घराची एकच नोंद व्हायची. त्या रात्री त्या छपराखाली जे कोणी होते ते सगळे तिला जोडायचे, घरप्रमुखाशी प्रत्येकाचं नातं कागदावर असेल तसं टाइप करायचं, संदर्भ खाली एकदाच द्यायचा. एवढ्या एका सोयीसाठी मी तुमची वार्षिक वर्गणी भरतो. नुसता वंशवृक्ष काढायला ड्रॉइंग पेपरही पुरतो. आता तीच नोंद फुटून माणसागणिक वेगळी झाली आहे, संदर्भ फक्त पहिल्या माणसाकडे उरला आहे आणि नात्यांच्या तुमच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं यांच्यापलीकडे जगात कोणी राहतच नाही.

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती तयार करतो आहे. जुन्या छापील प्रतीत माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाबद्दल एवढंच आहे: ‘शिक्षणासाठी विलायतेस गेले. पुढील माहिती उपलब्ध नाही.’ ही पुढील माहिती मला इंग्लंडच्या जनगणनेत सापडली. २ एप्रिल १९११, रविवारची रात्र, लंडनच्या ब्लूम्सबरी भागातलं एक घर. त्या वर्षीचे फॉर्म घरप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले, तसेच्या तसे जपलेले आहेत. त्याआधीच्या वर्षांच्या मिळतात त्या गणकाने उतरवून काढलेल्या वह्या. घरमालकीण विधवा. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती, हे रकाने फक्त नवरा हयात असलेल्या बायकांसाठी होते, पण बाईंनी तेही भरले, आणि कोणीतरी त्यावर लाल शाईने काट मारली. काटेखालचे आकडे वाचता येतात. आणि सगळ्यात खालच्या ओळीत आमचे विलायती आजोबा: बोर्डर, म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे, वय २३, विद्यार्थी, जन्मस्थळ रत्नागिरी. स्पेलिंग बाईंना ऐकू आलं तसं.

तुमच्या नव्या आवृत्तीत याच ओळीभोवती लाल चौकट येते: ‘या व्यक्तीचे घरप्रमुखाशी नाते आढळले नाही.’ नोंद जतन होत नाही. आधीच्या फोनवर ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलं नाही. आजच्या फोनवर काय झालं ते जसंच्या तसं देतो. संभाषण रेकॉर्ड होतंय असं तुमचंच यंत्र सुरुवातीला सांगतं, तेव्हा ताडून पाहा.

“काका, ह्यांना घरातून काढून टाका ना. हे फॅमिली मेंबर नाहीयेत.”

मी म्हटलं, अरे बाबा, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच माणूस आहे. बाकीची फॅमिली त्या बाईंची.

“मग बाकीच्यांना काढा.”

बाकीच्यांना काढलं तर हे राहत कोणाकडे होते?

यावर बराच वेळ कीबोर्ड वाजला. मग मुलगा अगदी आनंदाने म्हणाला, “काका, सोपं आहे. घरप्रमुख त्या मॅडम आहेत ना? ह्यांना त्यांचा मुलगा सिलेक्ट करा. एरर जाईल.”

रत्नागिरीच्या माणसाला लंडनच्या विधवेचा मुलगा करू?

“फक्त सिस्टीमपुरतं.”

आणि वृक्षात काय दिसेल?

“वृक्षात त्यांच्या खाली जातील. पण प्रिंट काढताना ती फांदी हाइड करता येते, काका.”

आमच्या कुलवृत्तांतात दत्तकाच्या नोंदी आहेत. कोण कोणाच्या घरातून कोणत्या शकात कोणाकडे गेला, हे एकेका दत्तकाबद्दल लिहिलेलं आहे, कारण त्यावरून भाऊबंदांमध्ये कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. तुमच्या मुलाने ते सगळं होमहवनाशिवाय, फोनवर, दोन क्लिकमध्ये उरकलं. आणि वर ती फांदी लपवायची सोयही सांगितली! मी नको म्हटल्यावर त्याने विचारलं, “आणखी काही मदत करू शकतो का?” आणखी म्हणजे?

त्या पोरावर माझा राग नाही. समोरच्या पडद्यावर जे लिहून दिलंय ते तो वाचतो. वरिष्ठांना जोडा म्हटलं तर वरिष्ठ म्हणाले की, बाकीचे ग्राहक अशी माहिती भरतच नाहीत. का भरत नाहीत ते ओळखा. लाल चौकट येते म्हणून.

आता वयाचं. याच आजोबांची पुढची नोंद १९ जून १९२१ ची. ती जनगणना एप्रिलमध्ये व्हायची होती, संपांमुळे लांबली. तोवर त्यांचं लग्न झालेलं, बायको यॉर्कशायरची, घरप्रमुख ते स्वतः. त्या फॉर्मवर वय वर्षं आणि महिन्यांत विचारलं होतं, म्हणून लिहिलंय: ३३ वर्षे ४ महिने. घरातल्या शके १८०९ च्या पत्रिकेशी, म्हणजे फेब्रुवारी १८८८ शी, ते तंतोतंत जुळतं. हे जुळलं तेव्हाच माझी खात्री पटली की माणूस तोच. तुमच्या अपडेटने वयाच्या रकान्यातली अक्षरं गाळली आणि आकडे ठेवले. वय झालं ३३४. त्यावरून जन्मसाल काढलं १५८७. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी ४३ वर्षं आमचे आजोबा रत्नागिरीत हजर. यावर लाल चौकट नाही, पिवळी नाही, काही नाही. उलट १५८७ हेच ‘मुख्य जन्मसाल’ ठरवून मी पत्रिकेवरून भरलेली तारीख ‘पर्यायी’ करून टाकली.

विलायती आजींच्या माहेरीही हाच गोंधळ. १८४१ च्या जनगणनेत पंधरावर वय असलेल्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची गणकांना सूचना होती. तिथे एका बाईंचं वय ३५ आहे, म्हणजे त्या ३५ ते ३९ मधल्या काहीही. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्मा फेब्रुवारी १८०३ चा आणि १८५१ च्या जनगणनेत वय ४८. सगळं नीट बसतं. जुनी आवृत्ती ‘१८०१ ते १८०६’ असं लिहू द्यायची. नवी थेट वजाबाकी करून १८०६ छापते आणि बाप्तिस्मा जन्माच्या तीन वर्षं आधी झाल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागते. जनगणनेतलं वय ही त्या रात्री कोणीतरी सांगितलेली गोष्ट असते. ते जन्मतारखेच्या छातीवर नेऊन बसवायचं नसतं, हे वंशवृक्षाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला मी सांगायचं?

‘अपूर्ण माहिती’ हा तुमचा नवा अहवाल तर भिंतीवर लावण्यासारखा आहे. ३३४ वर्षांचा माणूस त्याला खटकत नाही, पण त्याच माणसाची १९३१ आणि १९४१ ची जनगणना भरलेली नाही म्हणून त्याच्या नावापुढे लाल त्रिकोण. इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे कागद डिसेंबर १९४२ मध्ये मिडलसेक्समधल्या हेजच्या गोदामात जळून गेले. १९४१ ला महायुद्धामुळे जनगणना झालीच नाही. सप्टेंबर १९३९ ची रहिवाशांची जी नोंदणी खरोखर उपलब्ध आहे, ती तुमच्या यादीत नाही. हे सांगितल्यावर तुमच्या लोकांचं उत्तर: “संबंधित कार्यालयातून प्रत मागवून घ्या.” राख मागवू का? आणि इकडे कोकणातल्या सगळ्या मंडळींपुढेही दर दहा वर्षांचे त्रिकोण उगवले आहेत. भारतात जनगणनेतली घराघरांची माहिती कोणालाही पाहू देत नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्यातच ते आहे. कंपनी भारतात माल विकते, निदान एवढं तरी माहीत करून घ्यायचं.

बॅकअप माझ्याकडे आहे, तो सल्ला नको. तो नव्या आवृत्तीत उघडला की पुन्हा तेच रूपांतर होतं, आणि जुनी आवृत्ती तुम्ही परवान्यातून बंद केली आहे. ‘गेडकॉम फाइल काढून दुसरीकडे न्या’ हेही सांगून झालंय, म्हणजे वंशवृक्ष एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची ती फाइल. गेडकॉम ५.५.१ मध्ये अशी सामायिक नोंदच नसते, म्हणजे फाइल काढली तरी घर फुटायचं ते फुटणारच. शिवाय मी वर्गणी तुमच्याकडे भरली आहे, दुसरीकडे नाही.

वाईट याचं वाटतं की गेल्या कुलसंमेलनात मी माइक हातात घेऊन तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं होतं. लोकांनी ते लिहून घेतलं, इतर घराण्यांच्या मंडळांनी विचारून घेतलं. आता त्याच माइकवर दुसरं काहीतरी सांगावं लागेल, आणि सांगायला माझ्याकडे लाल चौकटीचा फोटो आहे.

मला हवंय ते असं. जुनी आवृत्ती वापरायचा परवाना ताबडतोब सुरू करा. नव्या आवृत्तीत सामायिक नोंद परत आणा आणि नात्याचा रकाना मोकळा ठेवा. वयाच्या रकान्यात मी जे लिहितो त्याला हात लावू नका. हे जमत नसेल तर या वर्षाची पूर्ण वर्गणी परत करा. कूपन नको, पुढच्या वर्षी सवलतही नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो.

उत्तर ज्यांच्या सहीने येईल त्यांनी आधी ते रेकॉर्डिंग ऐकावं. आणि बंद केलेली तक्रार आजच्या आज परत उघडावी. तिथे कारण म्हणून ‘ग्राहकाला नाते निवडण्यास मार्गदर्शन केले’ असं लिहिलंय, तेवढं वाक्य तरी खोडा.

कळावे,
आपला वर्गणीदार

सोबत: १९११ आणि १९२१ च्या नोंदींचे अपडेटपूर्वीचे व नंतरचे पडद्याचे फोटो, ‘अपूर्ण माहिती’ अहवालाची प्रत, वर्गणीची पावती.