चौघांनी एकदम खेळायचं पॅनल

संपादक साहेब,

उन्हाळ्यात पोट्टे दुपारभर मोबाईलमध्ये एकेकटे डोकं घालून बसतात म्हणून घरीच चार जणांचं आर्केड पॅनल (व्हिडिओ गेम खेळायची जॉयस्टिक अन् बटनांची फळी) बनवलं, लकडगंजातून १८ एमएमचं प्लायवूड, बर्डीवरून वायरी, बटनं मात्र ऑनलाइन. बटनं कॉम्प्युटरला जोडायला जुन्या कीबोर्डचं सर्किट वापरा म्हणतात पण चौघांनी एकदम दाबलं की काही बटनं ते गिळून टाकते, त्यापेक्षा यूएसबी एन्कोडर (याच कामासाठी मिळणारं छोटं सर्किट) बरा. अन् कडेच्या जॉयस्टिक खेळणाऱ्याकडे तिरप्या फिरवू नका, स्क्रीनला सरळच ठेवा, नाहीतर 'वर' ढकललं की गडी भलतीकडेच पळते! ड्रिल मारायच्या आधी पुठ्ठ्यावर आखून चौघांना उभं करून बघा, कोपरं लागतात एकमेकांना. रमण विज्ञान केंद्रानं सुट्टीत याची कार्यशाळा घ्यावी ना, सोल्डरिंगही शिकतील पोट्टे.

– एक वाचक, नागपूर