शनिवार-रविवारच्या हिशेबात लाकूड बसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे स्टूल, मांडणी, ट्रे अशा लाकडी वस्तू घरच्या घरी बनवण्याच्या कृती नियमित येऊ लागल्या आहेत आणि त्याच पानावर दोन दिवसांच्या छोट्या सहलींचे बेतही असतात. हे दोन्ही नाद असलेल्या एका जोडप्यापैकी मी एक असल्यामुळे ते पान आधी कोणी वाचायचे यावरून आमच्याकडे चढाओढ असते. मात्र या कृतींमध्ये वेळेचा हिशेब सातत्याने चुकतो आहे, म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी फळ्या आणायच्या आणि रविवारी संध्याकाळी तयार टेबलावर फुलदाणी ठेवायची, हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ते टेबल पुढच्या काही महिन्यांत दगा देण्याची शक्यता बरीच असते.

झाड तोडून फळ्या पाडल्या म्हणजे लाकूड स्थिर झाले असे नाही. हवेतील ओलाव्याप्रमाणे ते फुगते आणि आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, पण रुंदीच्या दिशेने तो डोळ्यांना दिसण्याइतका असतो आणि त्यातही वार्षिक वलयांच्या कडेने होणारे आकुंचन केंद्राकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. म्हणूनच फळी नुसतीच लहान होत नाही, तर वाकते, पिळवटते. आमचे पहिले टेबल आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहाने एकाच शनिवार-रविवारी उरकले, त्याचा वरचा पृष्ठभाग चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूंनी घट्ट आवळला आणि हवा कोरडी पडताच तो मधोमध लांबीच्या दिशेने तडकला. दोष लाकडाचा नव्हता. त्याला हलायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. चौकटीतली स्क्रूची भोके किंचित लांबट ठेवली असती आणि फळ्या आणल्यावर एक-दोन आठवडे त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या असत्या, तर बहुधा ही वेळ आली नसती. ते तडकलेले टेबल आम्ही अजून टाकलेले नाही. माझे पती त्याला ‘आमचा शिक्षक’ म्हणतात. मी त्यावर झाडांच्या कुंड्या ठेवते.

गोंदाचेही तसेच आहे. लाकडाचा नेहमीचा पांढरा गोंद लावल्यावर सांधा दाबून धरणारा शिकंजा अर्ध्या-एका तासात काढता येतो हे खरे, परंतु सांध्याला पूर्ण बळ येण्यासाठी साधारण 24 तास जावे लागतात, आणि तेवढ्या वेळात त्या सांध्यावर रंधा मारणे किंवा वजन टाकणे म्हणजे आपणच आपले काम मोडणे. तेलाचा हात दिल्यावर पुढचा हात देण्याआधी निदान एक दिवस थांबावे लागते. या सक्तीच्या थांबण्याचे आमच्याकडे आधी भांडण व्हायचे, कारण एकाला हात लावून पाहण्याची खोड आहे. (तो एक कोण, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.) शेवटी आम्ही असे ठरवले की शुक्रवारी संध्याकाळी सांधे जुळवायचे, शिकंजे आवळायचे आणि शनिवारी पहाटे घर सोडायचे. परत येईपर्यंत लाकडाचे काम लाकूड करते. आमच्या सहलींच्या तारखा हल्ली गोंद ठरवतो, असे म्हटले तरी चालेल.

परंतु काम अर्धवट ठेवून घर बंद करून निघणाऱ्यांना एक इशारा आपल्या पानाने ठळक अक्षरांत द्यायला हवा. जवसाचे तेल वाळते ते पाण्यासारखे उडून जाऊन नव्हे, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर ती उष्णता आतच कोंडते आणि ठिणगीशिवायही त्या पेट घेऊ शकतात. एकदा निघायच्या घाईत आम्ही अशा चिंध्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबल्या. पिशवीची गाठ मारताना पतींच्या हाताला ती चक्क कोमट लागली, म्हणून आम्ही वाचलो. दोन दिवस घरात कोणीच नसणार होते. तेव्हापासून चिंध्या घराबाहेर एकेक करून सपाट पसरून वाळवतो, नाहीतर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवतो. पुरवणीतल्या तेल-पॉलिशच्या कृतीत याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता.

धुळीबद्दलही तसेच मौन आहे. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात घातले आहे. घासकाम करताना तोंडाला नुसता रुमाल बांधलेले छायाचित्र छापण्याऐवजी नीट बसणारा धूळरोधक मास्क दाखवावा. जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल वाहून नेण्याच्या लाकडी चौकटींच्या, फळ्या वापरा असे सुचवताना त्यावरचा शिक्का पाहायलाही सांगावे: ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवलेले लाकूड, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, जे घरातल्या वस्तूंसाठी आणू नये. सहलीहून आठवण म्हणून ओंडका उचलून आणण्याचा मोह आम्हालाही झाला होता. काही दिवसांतच त्याखाली पिठासारखी बारीक भुकटी साचलेली दिसली आणि भुंगेऱ्यांची अळी आम्ही स्वतःच्या हाताने घरात आणली हे कळले.

तेव्हा विनंती एवढीच, की प्रत्येक कृतीखाली साहित्याच्या यादीइतक्याच ठळकपणे फळ्या मुरवण्याचा, गोंद धरण्याचा आणि तेल वाळण्याचा वेळ वेगवेगळा छापावा, आणि ‘दोन दिवसांत’ हे शब्द शीर्षकातून काढावेत. हे पत्र लिहीत असताना बाजूच्या खोलीत एका बाकाचे चार पाय शिकंज्यात आहेत आणि आमच्या पिशव्या दाराशी भरून ठेवलेल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक