बाबा, ठाणेदाराला चोवीस तास थांबवू नका

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

कादंबरीची वही मिळाली. मुंबईहून गावी आलेला मामा आणि सांजच्याला नाहीशी झालेली सहा वर्षांची भाची, एवढं पक्कं बसलं आहे. पण तिसऱ्या प्रकरणात ठाणेदार म्हणतो, ‘चोवीस तास वाट पाहा, मग या.’ ते पान फाडा. मे २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवावाच लागतो, तोही अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून. ‘आमच्या हद्दीत नाही’ हेही चालत नाही, शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावा लागतो. गोष्ट २०२५ ची आहे, तेव्हा भादंवि ३६३ खोडून भारतीय न्याय संहिता १३७(२) लिहा. आणि ठाण्याला पहिला फोन सरपंचाचा कशाला? पोलीस पाटील कुठे गेला?

मग वाचकाला ताटकळत ठेवायचं कसं? बाबा, ते काम लाइनीवर, म्हणजे शेतीच्या विजेवर सोपवा. विहिरीत पोरीची चप्पल तरंगताना दिसते आणि तुमचा मामा लगेच रडायला लागतो. घाई होते. हवाई चप्पल स्पंजाची, ती तरंगतेच. वाऱ्याने काठाला लागते. कोणीही फेकली तरी तशीच दिसेल. पोर खाली आहे की नाही ते गळ टाकून नक्की कळत नाही, गाळात गळ अडकतो. विहीर उपसावी लागते. आणि त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीचीच! दुपारी चारला चप्पल दिसली, मोटर सुरू होणार रात्री. झरे जिवंत असतील तर उपसा आणखी लांबतो. गाव काठावर बसून राहील, त्यात तुमची सारी पात्रं एका जागी सापडतील. साक्षीदारही आपोआप मिळतो: रात्री ओलितावर गेलेला माणूस.

महिना मात्र बदला. वैशाखात तूर उभी कुठली? वावरं नांगरून उघडी, तुराट्यांच्या गंज्या तेवढ्या. कार्तिकात आणा. सोयाबीन निघालेलं असतं, मधल्या जागा मोकळ्या आणि तुरीची तासं, म्हणजे ओळी, माणसाच्या उंचीच्या. तासाच्या तोंडाशी उभं राहिलं तर पार धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत दिसतं. आडवं पाहिलं तर चार हातांवरचं पोर दिसत नाही. म्हणून शोधणारे एका तासाला एक माणूस असे धुऱ्यावरून निघतात. हाका मारून भागत नाही; एवढ्या वयाची पोरं झोपी जातात, नाहीतर मार बसेल म्हणून गप्प राहतात. ओलित झालेल्या काळ्या मातीत पाऊल उमटून राहतं, भेगाळलेल्या कोरड्यात नाही. पण आधी गाव तुडवून गेलं की ते पाऊलही गेलं.

श्वानाचा प्रसंग चांगला आहे, पण पोरीचा फ्रॉक आजी, काकू, शेजारीण सगळ्या छातीशी धरतात. इतक्या हातांच्या वासात कुत्रा काय शोधणार? अंगातून काढलेला, न धुतलेला कपडा एकानेच उचलून स्वच्छ पिशवीत ठेवावा. मोबाइलच्या टॉवरवरून नेमकं घर सापडतं तेही काढा. खेड्यात एकेक टॉवर कित्येक किलोमीटर धरतो. हाती लागतील ती चार-पाच गावं.

गोसावी खलनायक नकोच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. तुमच्या गोष्टीत गोसाव्यावर संशय जरूर यावा, पण मग धोका त्याच्यापासून नाही, जमलेल्या गावापासून असावा.

आई, पहिली झडती घराची, आणि ते पान तू लिही. गुरांचा कोठा, धान्याची कोठी, कापूस भरलेली खोली. कापसाच्या ढिगात पोर दबली तर वरून काही कळत नाही. हात कसा घालायचा, ढीग कुठून ओढायचा, हे बाबांना येणार नाही.

विहिरीची खोली, मोटरचा एचपी आणि त्या आठवड्याच्या लाइनीचं वेळापत्रक लिहून पाठवा. उपशाला किती तास लागतील ते मोजून देते.

तुमची,
सुनी