मायनर निवडायचं, पण शिकवणार कोण?
संपादक साहेब, २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीनला डिग्री, चारला ऑनर्स, आणि क्रेडिट, म्हणजे पुरा केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, सगळे ऑनलाइन बँकेत जमा, कागदावर झकास आहे, मध्येच कॉलेज सुटलेल्या पोरांच्या हाती काहीतरी राहील हे मला पटतंसुद्धा. पण आमच्या पोरीच्या कॉलेजात मायनरला, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायच्या दुय्यम विषयाला, निवडायला एकच विषय, कारण बाकीचे शिकवायला माणूसच नाही! आहेत ते सर तासिका तत्त्वावर, मानधन कधी येणार ते त्यांनाही माहीत नसतं. २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातलं प्रवेशाचं प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचंय म्हणे, मग आधी कायमची प्राध्यापक भरती करा ना राव.
– एक पालक, सातारा