जागतिक रंगभूमीचा अभ्यास दहिकाल्यापासून सुरू करा

मा. संपादक यांस,

जपानी नो, इटलीची कोमेदिया देल्लार्ते, केरळची कथकली हे सगळे नाट्यप्रकार आपल्याकडची नाट्यवेडी मुले बहुधा नोट्समधून शिकतात. प्रत्येकाला अर्धे पान, परीक्षेपुरते. सिंधुदुर्गातल्या मुलांवर तरी ही वेळ यायला नको. कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रांत दशावतार, म्हणजेच दहिकाला हे आपले लोकनाट्य, उभा राहतो. जगातल्या नाट्यपरंपरा समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. रंगपटात तोंडाला रंग लागत असताना आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात. बाकीचे सारे एका बाकड्याभोवती प्रेक्षकांसमोर घडते. कोमेदियाची रीतही हीच. फ्लामिनियो स्काला याने १६११ साली अशी ५० कथानके छापली. कोण येतो, काय करतो, कधी जातो एवढेच त्यांत मुख्यतः आहे. बोलणे नटाचे.

हे वाचून कळत नाही, करून कळते. पाच जण घ्या. पुराणातली एक कथा दहा ओळींत कागदावर लिहून विंगेत टांगा. पंधरा मिनिटे विचाराला द्या आणि संवाद पाठ न करता खेळा. पहिल्या खेपेला हमखास सगळे एकदम बोलतात आणि आत जायला कोणी तयार नसतो. कारण येणे ठरलेले असते, जाणे ठरलेले नसते. प्रत्येकाच्या जाण्याचे कारण त्या दहा ओळींत लिहा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. उरलेला मिटवायला पेटीवाला लागतो. दशावतारात तो आणि पखवाजवाला नटाच्या नजरेच्या टप्प्यात बसतात, ते उगाच नव्हे. नटाने वाक्याच्या शेवटी आवाज चढवला की पेटीवर सूर येतो, पद सुरू होते आणि रेंगाळलेला प्रवेश पुढे सरकतो. मुलांनी मंचावरच्या राजाइतकेच या दोघांकडे पाहावे.

नोमध्ये याच्या उलट. तिथे संहिता पक्की, हालचाल पक्की, आणि मुखवट्याची भोके इतकी बारीक की नटाला जेमतेम दिसते. मंच चौरस, बाजू सुमारे साडेपाच-सहा मीटरची. प्रेक्षकांच्या डाव्या हाताचा पुढचा खांब पाहून नट आपली जागा ओळखतो. पुठ्ठ्याचा मुखवटा करून डोळ्यांना रुपयापेक्षा लहान भोके ठेवा आणि कोपऱ्यात खांब ठेवलेल्या तेवढ्याच चौकटीत चालून बघा. खांब काढला की नट चौकटीबाहेर जातो. मुखवटा किंचित वर केला की चेहरा उजळतो, खाली झुकवला की झाकोळतो. नवशिके मान झटक्याने हलवतात, म्हणून भाव दिसायच्या आत निघून जातो. आपल्याकडे गणपतीचा मुखवटा घालणाऱ्या नटाला हे चांगले ठाऊक असते, त्याला विचारा.

कथकलीत नट बोलतच नाही, मागे उभे गायक गातात. हातांच्या मूळ मुद्रा २४. तुमचे पद दुसऱ्याला म्हणायला सांगा आणि तुम्ही मुक्याने करा. हात शब्दांच्या पुढे धावतात, नाहीतर मागे राहतात. तिथले गायक नटाचा विस्तार पुरा होईपर्यंत तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतात. तेव्हा गाणाऱ्यानेही नटाकडे डोळे लावूनच गायला हवे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. महोत्सवांत वेळ कमी म्हणून आडदशावतार, म्हणजे दशावतारातल्या आख्यानाआधीचा पूर्वरंग, गाळला जातो. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, संकासुर यांना कात्री लावून थेट आख्यान सुरू. संकासुर मालवणीत गावच्या चालू गोष्टींवर बोलतो तेव्हा पुराण आणि समोर बसलेला गाव एकमेकांना भिडतात. तेच काढून टाकले तर मुलांनी शिकायचे काय? आयोजकांनी वेळ वाढवावा, नाहीतर आख्यान आटोपते घ्यावे. पूर्वरंगाला हात लावू नये.

जत्रेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी मोबाइल आडवा धरून एकाच जागी ठेवावा. संपूर्ण मंच आणि पेटीवाला दोन्ही चौकटीत हवेत. बहुतेक जण फक्त युद्ध आणि ट्रिकसीन, म्हणजे चमत्काराचे देखावे, टिपतात. मग प्रवेश कुठून कुठे वळला ते पुढे कळत नाही. फोन पेटीला चिकटून ठेवला तर संवाद बुडतात. चित्रीकरणाला आणि रंगपटात बसायला मंडळाच्या मालकांची परवानगी आधी घ्यावी. रंगरंगोटी चालू असताना प्रश्न विचारू नयेत. तेच आख्यान आठवड्याभरात दुसऱ्या मंडळाकडून दुसऱ्या गावात पाहावे आणि दोन्ही वेळी कोणता प्रवेश लांबला, कोणता आवरला, पद कुठे आले, हे शेजारी-शेजारी लिहून काढावे.

— नाट्यशिक्षक, कुडाळ